नूपुरचा पहिला संवाद

नूपुरला साडेपाचच्या आत एक खून कबूल करायचा होता आणि अख्ख्या घरात एक साधी भिंत सापडत नव्हती.

"साधी म्हणजे कशी गं?" शैलामामीने विचारलं.

"काहीच नसलेली. मागे फक्त एक प्लेन कलर पाहिजे."

कोलकात्यात गार्डन रीचच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये मामांनी, म्हणजे जयप्रकाश खांबेट्यांनी, नोकरीत मिळालेली सगळी मानचिन्हं भिंतींवर टांगली होती. उरलेल्या जागेत कॅलेंडरं होती. शेवटी मामांचं पूजेचं पांढरं धोतर पडद्यासारखं बांधलं गेलं आणि लाल काठ दिसू नये म्हणून नूपुरला स्टुलावर जरा वाकडं बसवण्यात आलं.

नूपुर ही खांबेट्यांची भाची, मँचेस्टरमध्ये जन्मलेली आणि तिथल्या टीव्हीवर काम करणारी. चार वर्षांत तिने चार मालिका केल्या होत्या. पहिल्या मालिकेत ती कालव्यात सापडलेलं प्रेत होती. दुसरीत सहा भाग कोमात पडून होती. तिसरीत भिंतीवरचा फोटो होती. चौथीत पुन्हा प्रेतच, पण बढती मिळालेलं, म्हणजे मरण्याआधी एक किंकाळी होती. ती संकलनात कापली गेली. मामा मात्र महाराष्ट्र मंडळात "आमची भाची तिकडची मोठी नटी" असं सांगत फिरत. खोटं नव्हतंच ते, प्रेत म्हणून ती खरंच उत्तम होती.

आणि आता सुट्टीत मामाकडे आल्यावर मेल आला होता. आठ भागांची मालिका, नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली बाई, आणि त्या बाईला बोलायला चक्क संवाद! ऑडिशन म्हणून घरीच एक प्रवेश रेकॉर्ड करून लंडनच्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे इथल्या साडेपाचपर्यंत पाठवायचा होता. समोरच्या इन्स्पेक्टरची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायला हवी होती.

"मी वाचतो की!" मामा म्हणाले. "बावीस वर्षं खातेनिहाय चौकशा केल्यात. भले भले कबूल झालेत."

तिथेच घोळ झाला. पहिल्या टेकला मामांनी इन्स्पेक्टरचा प्रश्न वाचला आणि सवयीने पुढे जोडलं, "उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. बचावासाठी सहकारी नेमायचा असल्यास अर्ज करा."

"मामा, जे लिहिलंय तेवढंच वाच ना!"

"अगं, पण नियमाने सांगावं लागतं. नाहीतर सगळी चौकशी रद्द होते."

दुसऱ्या टेकला मामांनी नियम सोडला, पण आवाज लावला. तरुणपणी त्यांनी नाट्यस्पर्धेत दोनदा काम केलं होतं आणि तिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची पद्धत होती. आवाज शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, वरच्या मजल्यावर पोचला. तिथून सान्यालबाबू खाली आले. तेही रेल्वेतलेच, आणि तीस वर्षं नाटकाचा ग्रुप चालवणारे.

"रिहर्सल? हमको बोला नहीं?" ते दुखावल्या सुरात म्हणाले आणि बसले.

तिसरा टेक मात्र झकास झाला. मामा चुकून मोजकं बोलले, सान्यालबाबू चहा पीत होते, आणि नूपुरने "हो, मीच मारलं त्याला" हे वाक्य इंग्रजीत असं म्हटलं की शैलामामीने बशी खाली ठेवून देवघराकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच नूपुरला स्वतःचा आवाज ऐकू आला होता.

"बस! झालं! हाच पाठवू या."

"पॉज किधर है?" सान्यालबाबूंनी कप खाली ठेवला. "अभिनय तो पॉज में होता है. एक बार और."

"पॉज कशाला? नाटक म्हणजे वाक्य! आमच्याकडे वाक्यावर टाळी पडते," मामा उसळले.

"इसलिए आपका नाटक में सब चिल्लाता है."

चौथ्यापासून सहाव्या टेकपर्यंत नूपुरच्या तोंडी निम्मं वाक्य आलं की एकजण थांबवी आणि दुसरा ओरडे. सातव्याला तर ती एक शब्दही बोलू शकली नाही. कॅमेऱ्यामागे मराठी आणि बंगाली रंगभूमी एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या होत्या. नूपुर नुसती एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. हाही रोल जाणार, आपण जन्मभर डोळे मिटून पडायचं, हे तिला त्या स्टुलावर बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं.

पाच वाजून बावीस मिनिटांनी ती उठली. "मामी, फोन घे. थर्डवाला सिलेक्ट कर आणि हे बटन दाब. मला तोंड धुवायचंय." ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

इकडे मामीने तिसरा व्हिडिओ पुन्हा पाहिला. तिच्या मनात नूपुरसाठी सॉल्ट लेकचं एक स्थळ होतं, मुलगा तिथल्याच सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत कामाला. लग्नाच्या मुलीच्या तोंडून "मीच नवऱ्याला मारलं"? आणि असलं अशुभ आपल्याच हाताने साता समुद्रापार धाडायचं? सातव्यात पोरगी कशी शांत बसली होती, डोळे काय सुंदर दिसत होते, तोंडातून वाईट शब्द नाही. मामीने सातवा निवडला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

ही गोष्ट कळल्यावर नूपुर दोन दिवस मामीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेल आला. मामांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, शेवटच्या रांगेपर्यंत.

रोल नूपुरला मिळाला होता! दिग्दर्शिकेने लिहिलं होतं की, कॅमेऱ्यामागून अनोळखी भाषेत गरजणारे दोन अधिकारी आणि त्यांच्यासमोर मूकपणे बसलेली ती बाई पाहून आपली झोप उडाली. इतकी धाडसी कल्पना दुसऱ्या कुणालाच सुचली नाही. म्हणून लेखकाने आता ती बाई आठही भाग एक शब्द बोलणार नाही असं ठरवलंय.

"बघ, माझा आवाज लंडनला पोचला!" मामा म्हणाले.

"आठ एपिसोड पॉज!" सान्यालबाबू म्हणाले. ते वर धावले आणि नोलेन गुळाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या, संदेश मिठाईचा डबा घेऊन आले.

"स्थळाकडे आता अभिमानाने सांगता येईल," मामी म्हणाली.

नूपुर त्या तिघांकडे बघत होती. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि चार वर्षांचं साठलेलं बरंच काही बोलायचं होतं.

"अहो, गप्प बसा जरा, तिला बोलू द्या," मामीने मामांना दटावलं. "बोल बाळ, कसं वाटतंय तुला?"

दोघे पुरुष खरोखर गप्प झाले. खोलीत सान्यालबाबूंना हवा होता तसा पॉज पडला. नूपुरने खोल श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

मामीने त्यात अख्खा संदेश घातला.