आत्यासाहेबांचे डोळ्यांकरिता कॅमेरा पालटिला आणि भिंगे राखिली, त्याची हकीकत

जाणत्या वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, कृपा करून चष्मे पुसून बसावे. थोर थोर मोहिमा लिहिणारे पुष्कळ होऊन गेले, परंतु एका घरातील कॅमेरा कसा पालटला आणि त्यापायी कोणकोणास काय सोसावे लागले, हे लिहिण्यास कोणी मातबर धजावला नाही. सबब हे काम आम्हांकडे आले. आम्ही मोहिमेत जातीने हजर होतो ऐसे नाही. परंतु बखरकारास सर्व ठाऊक असते, आणि जेथे ठाऊक नसते तेथे तो अधिक ठामपणे लिहितो.

तर मजकूर ऐसा. छबीनवीस म्हणून एक गृहस्थ भर बाजाररस्त्यास पासपोर्ट फोटोंचे एका खोलीचे संस्थान राखून होते. त्यांचे कैलासवासी तीर्थरूप त्याच गादीवर होते, आणि मागचा निळा पडदाही त्यांचाच. तीर्थरूपांच्या धाकट्या भगिनी आत्यासाहेब, जिभेने तिखट आणि मायेने बहुत गोड. त्यांचे संबंधे घराण्यात एक अजब गोष्ट चालत आली होती, ती ही की फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. लग्नाच्या फोटोत मिटलेले, सहलीच्या फोटोत मिटलेले, आणि ओळखपत्रावर तर ऐसे मिटलेले की कचेरीतील कारकुनाने त्या हयात आहेत काय म्हणून त्यांसच विचारिले. तीर्थरूपांची रीत ऐसी की मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणावे आणि तीनवर कळ दाबावी. छबीनवीसही ती रीत इमानेइतबारे पाळीत. मग दोष कोणाचा? तर कॅमेऱ्याचा, ऐसे कुल घराण्याचे मत पडले होते, कारण कॅमेरा उलटून बोलत नाही.

ऐशा समयी आत्यासाहेबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस समीप आला, आणि त्यांनी खुर्चीवर बसून फर्मान सोडिले, “भिंतीवर टांगायचा एक तरी फोटो उघड्या डोळ्यांचा काढ रे बाबा. नाहीतर लोक म्हणतील, ही बया आधीपासूनच गेलेली होती!”

सर्व मंडळी हसली आणि छबीनवीसही हसले, परंतु हसता हसता त्यांची नजर जिन्याकडे गेली. कारण मातोश्री लवकर वारल्यावर आत्यासाहेबांनीच त्यांस लहानाचे मोठे केले होते, आणि अलीकडे जिना चढताना त्या मध्येच कठडा धरून उभ्या राहत, व कोणी पाहिले तर भिंतीचा रंग पाहत असल्याची बतावणी करीत. हे छबीनवीसांनी पाहिले होते आणि त्यांस फार भय वाटत होते. फोटो आताच झाला पाहिजे, ऐसे त्यांनी मनाशी बांधिले.

जुन्या कॅमेऱ्याची अवस्था तर विचारू नये. कळ दाबिली असता तो थोडा विचार करी, मग फोटो काढी. पाठीचा छबी दाखविणारा काचेचा पडदा तडकलेला, त्यास चिकटपट्टी. सबब खलबत बसले, आणि घरच्या पोतनीस, म्हणजे छबीनवीसांचे कुटुंब बाईसाहेब, यांनी हुकूम सादर केला की कॅमेरा घ्यावा, परंतु अंथरूण पाहून पाय पसरावे, ठेव मोडू नये आणि भिंगे जुनीच चालवावी. पदरी भिंगे तीन. एक लांब पल्ल्याचे, एक रुंद नजरेचे, आणि तिसरे तीर्थरूपांचे, पितळेसारखे जड, काठास खळगा पडलेले. ते भिंग कोणे एके काळी कोणीतरी जिन्यावरून पाडिले होते. कोणी पाडिले, याचा निवाडा कधीच जाहला नाही. विषय निघाला की आत्यासाहेब गॅस बंद केला काय, हे पाहावयास उठून जात.

मग स्वारी जुन्या कॅमेऱ्यांच्या पेठेत दाखल जाहली. तेथील दुकानदार मोठा मुत्सद्दी, काचेच्या कपाटाआड बसून गिऱ्हाइकाची चप्पल पाहून भाव सांगणारा. त्याने एकाच मालकाने वापरलेले, मागल्या सालचे, कळीचा आवाजदेखील न करणारे एक यंत्र पुढे ठेविले, आणि छबीनवीस पाहताक्षणी पाघळले. जुना कॅमेरा बदल्यात देऊन सौदा ठरला, आणि मग दुर्घट प्रसंग उद्भवला, तो हा की नव्या यंत्राचे तोंड निराळे आणि जुन्या भिंगांची बुडे निराळी. मध्ये एक कडी बसविली तरच दोहोंचे जमावे, आणि कडीपुरते पैसे थैलीत उरले नाहीत. दुकानदाराने मिठ्ठास जबानीने तोड सुचविली की ते खळग्याचे भिंग येथे ठेवावे आणि कडी घेऊन जावे. नाहीतरी त्यात आपसूक नेम धरण्याची कळ नाही, हाताने पिळावे लागते, आता ते कोण वापरतो?

छबीनवीसांची नजर एकवार भिंगाकडे आणि एकवार कडीकडे गेली. खरे लिहावयाचे तर ते डगमगले. मनात आत्यासाहेबांचे डोळे होते, आणि हात भिंग पुढे सरकवू लागला होता. तो बाईसाहेबांनी त्यावर आपला पंजा ठेविला. “हे द्यायचं नाही,” ऐसे म्हणून त्यांनी दुकानातील एकुलते एक स्टूल काबीज केले, मांडीवर पिशवी घेतली आणि ठाण मांडिले. मग जे गिऱ्हाईक येई त्यास त्या प्रेमाने विचारीत, “तुम्हालाही कडी वेगळी घ्यायला सांगितली का हो?” ऐसी कितीएक गिऱ्हाइके आली आणि आल्या पावली परतली. अखेरीस दुकानदार नामोहरम होऊन हात जोडिता जाहला, “वहिनी, कडी घ्या, चहा घ्या, पण उठा!” बाईसाहेबांनी प्रथम चहा घेतला आणि मग कडी.

वाढदिवसाचे दिवशी आत्यासाहेब इस्त्रीची साडी नेसून निळ्या पडद्यापुढे विराजमान जाहल्या. छबीनवीसांनी नव्या यंत्रास लांब पल्ल्याचे भिंग चढविले, दूर मोर्चा धरिला, आणि घराण्याच्या रीतीने गर्जना केली, “एक, दोन, तीन!”

डोळे मिटलेले. पुन्हा गर्जना, पुन्हा मिटलेले. फरक इतकाच की पूर्वी ते अंधुक मिटलेले दिसत, आता पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. आत्यासाहेब यंत्राच्या पाठीच्या पडद्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “एवढे पैसे घालून हेच का? जाऊ दे रे. माझं नशीबच मिटलेलं.” हे त्या हसत म्हणाल्या, परंतु पदर सारखा करताना त्यांचा चेहरा पडला, आणि छबीनवीसांस आपल्या दौलतीवर पाणी पडल्यासारखे वाटले.

मग काही सुचेना म्हणून त्यांनी तीर्थरूपांचे भिंग काढिले आणि कडीवर चढवून जवळ जाऊन बसले. नेम हातानेच धरावयाचा, सबब ते डोळा लावून भिंग पिळीत राहिले, आणि त्या गडबडीत एक, दोन, तीन म्हणावयाचे साफ विसरले. इतक्यात आत्यासाहेबांची नजर काठाच्या खळग्यावर गेली. त्यांचे डोळे बशीएवढे मोठे जाहले आणि त्या कडाडल्या, “मी नाही हं पाडलं ते!”

कोणी विचारिले नव्हते. खोलीत कोणी ब्र काढिला नव्हता. कळीचाही आवाज जाहला नाही, परंतु ती दाबिली गेली होती.

मग बाईसाहेब तोंडास पदर लावून हसू लागल्या, आणि छबीनवीस हसता हसता जमिनीवरच बसले, आणि हसू ओसरल्यावर ध्यानी आले की इतकी वर्षे कॅमेऱ्याचा कसूर नव्हताच. ‘तीन’ म्हटले की आत्यासाहेब भिऊन डोळे मिटीत, आणि घराणे मात्र इमानाने तीन म्हणत राहिले. आत्यासाहेबांनी यंत्र हाती घेतले आणि त्याच्या पडद्यावरचा फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग हळूच म्हणाल्या, “अगं बाई, हे तर दादाचे डोळे.” आणि थोड्या वेळाने, “पाडलं मीच. तो कधी बोलला नाही मला.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कॅमेरा पालटला, भिंगे तिन्ही शाबूत राहिली, ठेव मोडिली नाही, आणि दुकानदाराने ते स्टूल आत उचलून ठेविले. भिंगाच्या खळग्याचा खटला त्याच दिवशी निकाली निघाला आणि आरोपी उघड्या डोळ्यांनी भिंतीवर टांगण्यात आली. हल्ली जिना चढून आल्या की आत्यासाहेब त्या फोटोपुढे दम खात उभ्या राहतात, आणि कोणी पाहिले तरी बतावणी करीत नाहीत. लिहिले ते खरे, कमीजास्त ते आमचे.