फुटायलाच हवी होती

रविराजशेठने टाकीच्या चाचणीला थेट आमदारांना बोलावलं, तेव्हाच उज्वलाने हात जोडले. ही चाचणी बंद खोलीत, चार माणसांत करायची असते, मंडप घालून नाही. पण शेठची हयात निफाडकडच्या वायनरींना स्टीलच्या टाक्या पुरवण्यात गेलेली. अंबडच्या कारखान्यात हायड्रोजनची टाकी बनायला लागली तरी त्यांच्या लेखी ती वाइनचीच, जरा महागडी.

उज्वलाने परत समजावलं. नव्या डिझाइनची एक टाकी पाण्याने भरायची आणि फुटेपर्यंत दाब वाढवत न्यायचा. ठरलेल्या आकड्याआधी फुटली तर नापास, आकडा ओलांडून फुटली तर पास. शेठ मान हलवत होते आणि मंडपवाल्याला मेसेज टाकत होते. दोन वर्षं खपून, कार्बनच्या काळ्या धाग्यांचे थरावर थर गुंडाळून तिने ही टाकी उभी केली होती. पास झाली तर डिझाइन विभागाची प्रमुख तीच, असा शेठचा शब्द होता.

शेठचा भाचा महेश कारखान्यात नेमकं काय करतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याच्याकडे हार आणि माइक होता. टाकी जाड भिंतीआड, पाहुणे पडद्यासमोर. दाबाने आकडा ओलांडला आणि उज्वलाचा जीव भांड्यात पडला. महेशने माइकवरून जाहीर केलं की आपली टाकी कधीच फुटणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो चालू असतानाच टाकी फुटली.

भिंत हादरली. पडद्यावर नुसतं पाणी आणि धाग्यांच्या चिंध्या. आमदार खुर्चीमागे गेले. टाळ्या वाजवणारे दोघेच उरले: उज्वला आणि तपासणीला आलेले साहेब.

"हसताय काय, मॅडम? इज्जत घालवली माझी," शेठ ओरडले.

"सर, पास झाली आपली टाकी."

"फुटली ती. मला आंधळा समजता का?"

जबाबदार माणसावर कारवाई झाली पाहिजे, असं आमदार खुर्चीमागूनच म्हणाले. समोर मोबाइल रोखलेले. शेठने उज्वलाला माइकवरूनच कामावरून काढलं. बाईच्या हातात टाकी दिली की असंच व्हायचं, असं मागून कुणीतरी म्हणालं. हसले मात्र सगळे.

मग तपासणीच्या साहेबांनी शेठना बाजूला घेऊन अभिनंदन केलं. शेठचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आता तिला परत घेतलं तर आमदार तोंडघशी पडणार. संध्याकाळपर्यंत त्यांनी तोड काढली: मॅडमच्या चुका महेशने सुधारल्या, म्हणून टाकी पास झाली. चिंध्या झालेली टाकी कुणी आणि कशी सुधारली, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. महेशला शाल मिळाली. पेपरात फोटो आला.

फोटो पाहून हायड्रोजनवरच्या बस बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीने महेशला दांडग्या पगारावर उचललं. मामा बघत राहिले.

इकडे उज्वला सातपूरपासून सिन्नरपर्यंत नोकरी शोधत फिरली. सगळीकडे तिच्याआधी तिचा व्हिडिओ पोचलेला. तुम्हीच ना त्या टाकी फोडणाऱ्या, असं विचारायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. शेवटी शेवटी तर चहाही बंद झाला.

अशातच महेशचा फोन आला.

"ताई, वाचवा. इथं लोक मला दाबाचं गणित विचारतात. मी नुसता बघू, करू म्हणतो. किती दिवस म्हणणार?"

"मग मी काय करू?"

"हाताखाली एक माणूस घ्यायला परवानगी मिळालीय. तुम्ही येता का?"

उज्वलाच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिने गिळली. गेल्या महिन्यात गिळायची चांगलीच सवय झाली होती.

"मुलाखत कोण घेणार?"

"मीच," महेश म्हणाला. "प्रश्न तेवढे तुम्ही काढून पाठवा, ताई. उत्तरांसकट."