पेटीची प्रकृती उत्तम

आमच्या रुग्णालयातल्या सगळ्या रुग्णांची कागदपत्रं एका पोलादी पेटीत असतात. पेटीत चोवीस डिस्क, चार पंखे आणि उष्णतामापक. ती आतून धडधाकट आहे ना, हे पाहायला संगणकात एक ड्रायव्हर, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम बसवलेला आहे. तो दर मिनिटाला पेटीची विचारपूस करतो, दिसेल ते तक्त्यात लिहून ठेवतो आणि गडबड असली की भोंगा वाजवतो. आमच्या कार्यालयात सांगितलेलं काम रोज करणारा तो एकटाच, त्यामुळे पहिल्यापासूनच तो कुणाच्या फारसा मर्जीत नव्हता.

मी पेटी देखरेख समितीचा सचिव. सोमवारी सकाळी ड्रायव्हरने कळवलं, की पंखा क्रमांक दोन बंद आहे आणि तापमान अठ्ठावन्न अंश झालंय. मर्यादा पंचावन्नची. तंत्रज्ञ बाई धापा टाकत माझ्या टेबलापाशी आल्या. पंखा आजच बदला, नाहीतर डिस्क जातील, असं त्यांचं म्हणणं. त्यातून गुरुवारी त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं. भुलीचं कुठलंसं औषध आईला चालत नाही, मागे एकदा ते जिवावर बेतलं होतं, आणि त्याचं नाव फक्त पेटीतल्या फायलीत होतं. फाइल आधीच छापून घ्यावी, हे बाईंना सुचलं नाही असं नाही. पण कर्मचाऱ्याने नातेवाइकाची फाइल उघडणं नियमबाह्य आहे आणि डॉक्टरांना ती ऑपरेशनच्या सकाळीच उघडता येते. गोपनीयतेच्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत.

आता पंखा यायला वीस दिवस लागतात. उलट परिपत्रक असं, की तक्त्यातली लाल खूण चोवीस तासांत हिरवी झालीच पाहिजे. समिती बसली. तापमान मर्यादेच्या बाहेर जातंय याचा अर्थ मर्यादा तोकडी पडतेय, हे समितीचे अध्यक्ष असलेल्या साहेबांनी पाच मिनिटांत ताडलं. मर्यादा पासष्ट करण्यात आली. तक्ता हिरवा झाला आणि सर्वांनी समाधानाने चहा घेतला.

मंगळवारी तापमान सहासष्ट झालं. ड्रायव्हर मुद्दाम एक अंश जास्त दाखवतो, अशी शंका एका सदस्याने नोंदवली. मर्यादा ऐंशीवर नेली. बुधवारी पंखा क्रमांक तीनही थांबला, तेव्हा साहेबांनी मंजूर पंख्यांची संख्याच दोनवर आणली. जो पंखा मंजूरच नाही, तो बंद कसा पडेल? भोंगा तेवढा जुन्याच मर्यादेवर दोन दिवस केकाटत होता. तोही दुपारी नियमानुसार बंद झाला.

बाई संध्याकाळी पुन्हा आल्या.

"साहेब, तो खोटं सांगत नाहीये हो. हात लावून बघा, पेटी भाजतेय."

"बाई, खरं सांगण्याला आमचा आक्षेप नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "सारखं सारखं सांगण्याला आहे."

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी फाइल उघडली. पडदा कोरा. चोवीसच्या चोवीस डिस्क गेल्या होत्या. तक्त्यावर मात्र पेटीची प्रकृती उत्तम होती. डॉक्टरांनी बाईंना औषधाचं नाव विचारलं. मागे आईला ते बाधलं तेव्हा बाई शाळेत शिकत होत्या, त्यांना काय आठवणार? ऑपरेशन पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी अंदाजाने एक औषध निवडलं.

आई शुद्धीवर आल्याच नाहीत. शनिवारी त्या गेल्या. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, जेवण गेलं नाही.

चौकशी रीतसर झाली. मर्यादा समितीने वाढवली होती, पंखे समितीने कमी केले होते, आणि समिती म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे, त्यामुळे तिथे कुणी दोषी सापडलं नाही. राहिला भोंगा. भोंगा वाजत असता तर निदान कुणीतरी धावलं असतं, असं बाई जबाबात म्हणाल्या. तो बंद कुणी करायला लावला, हे मात्र कागदावर स्पष्ट आहे. पेटीच्या खोलीला लागूनच रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रतीक्षाकक्ष आहे. भोंग्याने कान किटले, तो ताबडतोब बंद करावा, असा अर्ज तिथून आला होता. खाली दोनशे बारा सह्या आहेत.

मी त्या कक्षात अर्ज पुढे केला, तेव्हा कशाचा भोंगा म्हणून विचारणारा एकही निघाला नाही. तुम्ही तर माझंच पेन घेतलंत, सही केलीत आणि परत मोबाइल बघत बसलात.