कौतिकबाईंच्या कर्णदर्शनाची बखर

श्रीगणराय समर्थ, सरस्वती सहाय, आणि चार्जिंग शेवटपावेतो पुरो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, पत्र्याच्या छपरांचे एक राज्य होते, तेथील वर्तमान ऐसे जे, कौतिकबाई म्हणून मातोश्री परघरची भांडी घासून संसार चालवीत असत, आणि त्यांची कन्या रोहिणी दूरच्या शहरी नर्सिंग शिकावयास वसतिगृही राहिली होती, आणि तीस घरची आठवण अनावर होऊन तिने निर्वाणीचा निरोप धाडिला की, "आई, रविवारी व्हिडिओवर दिसली नाहीस तर मी बॅग भरून घरी येते." कन्या परतली तर परीक्षा बुडाली, आणि मग तीही खरकट्या पातेल्यांत हात घालणार, हे भय मोठे. त्या समयी एका संस्थेने वस्तीतील आयांस फोन शिकविण्याची मोहीम मांडिली होती, तीत मातोश्री दाखल जाहल्या, आणि संस्थेने प्रत्येकीस एकसारखा काळा फोन बहाल केला, आणि ज्याचा त्याचा नंबर लेकरांस कळविला.

मोहिमेच्या सरदार कालिंदी मॅडम यांनी आज्ञा केली की, "हे नऊ ठिपके बोटाने जोडा. जी नक्षी काढाल ती तुमच्या फोनची किल्ली. कुणाला सांगायची नाही हं!" ठिपके पाहून बाया बहुत हर्षल्या, कारण जन्मभर सकाळी उठून दुसरे केले काय? आणि कोणी कोणास न सांगता, पदराआड, मोठ्या गुप्ततेने, सर्वांनी दारापुढची तीच एक रांगोळी काढिली. इतक्यात "नळ आला!" अशी आरोळी उठली, आणि फौज फुटली, आणि सतरंजीवरचा हाती लागेल तो फोन घेऊन हंडे-कळशांकडे धावली. मग घरी जाऊन प्रत्येकीने नक्षी काढिली, तो फोन उघडला. उघडला म्हणजे आपलाच, यात शंका ती कसली? नावे साठविण्याचा पाठ तर पुढील आठवड्यात होता.

रविवारी सायंकाळी फोन वाजला, आणि मातोश्रींनी हिरवे बटण दाबून रिवाजाप्रमाणे तो थेट कानास लाविला.

"आये, कानातलं कुठं गेलं? मोडलंस का काय?" आतून पुरुषाचा आवाज आला.

"मेल्या, कोण तू? माझी रोहिणी कुठंय?"

"मी विलास! माझी आई कुठंय? आन् ह्यो कान कुणाचा?"

विलास म्हणजे गिरजाबाईंचे चिरंजीव, आणि गिरजाबाई म्हणजे नळावरच्या नंबरावरून मातोश्रींशी दिवाळीपासून अबोला धरलेल्या. आपली कन्या त्या बाईच्या कानाशी सापडली, हे मातोश्रींनी जाणिले. मग विलासास कानाशी तसेच धरून त्या धावत सुटल्या, आणि तो बापडा "मावशे, पळू नगं, मला गरगरतंय!" ऐसे ओरडत राहिला. गिरजाबाई आपल्या दारात फोन कानास लावून गर्जत होत्या, "अगं, रडतीस कशापायी? कुणाची का असंना, आई हाय न्हवं मी!" आणि आतून रोहिणीचा आकांत, "हा माझ्या आईचा कान नाही! आईला काय झालं? मी निघालेच!"

मातोश्रींनी अबोला मोडिला. "गिरजे, दे माझी पोरगी. हा घे तुझा पोरगा."

ऐसी ओलिसांची अदलाबदल जाहली, आणि मातोश्रींनी फोन पुनः कानासच लाविला. त्या कानाची पाळी फाटकी. रोहिणीने तान्हेपणी डूल ओढून फाडिली होती. पलीकडचे रडणे थांबले.

"हाच," रोहिणी म्हणाली, आणि मग नाक ओढून, "आता तोंड दाखव, आई."

तोंड कैसे दाखवावे हे मातोश्रींस उमजेना, तेव्हा गिरजाबाईंनीच त्यांचे मनगट धरून फोन समोर आणिला. मायलेकी एकमेकींस पाहून बहुत रडल्या, आणि गिरजाबाई काही कारण नसता त्यांहून अधिक रडल्या, आणि विलास त्यांच्या कुशीत उलटा धरला गेल्याने सर्व वेळ छप्पर पाहत राहिला.

"नाही येत मी," रोहिणी म्हणाली. "परीक्षा देऊनच येईन."

सारांश, मोहीम फत्ते जाहली. मॅडमांनी सर्वांच्या नक्ष्या बदलविल्या, परंतु त्या दोघींनी बदलिली नाही. "असू दे," गिरजाबाई म्हणाल्या, "एकीला न्हाई घावला तर दुसरीच्या फोनात घावंल लेकरू." आणि दर रविवारी मातोश्री अद्याप आधी कान दाखवितात, मग मुख, कारण कान पाहिल्याखेरीज रोहिणी बोलत नाही. बखर समाप्त. चार्जिंग पुरले.