गुलाबरावांचं कोपर

बाळांनो, शेंबूड पुसा आणि नीट बसा. एका जंगलात डांबरी रस्ता झाला, आणि रस्ता झाला म्हणून घरोघरी फटफटी आली.

मग डोकी फुटायला लागली. हरणाचं फुटलं, सशाचं फुटलं. टाके घालून घालून वैद्य अस्वल मेटाकुटीला आलं. शेवटी सिंहमहाराजांनी हुकूम काढला, की फटफटीवर बसणाऱ्याने हेल्मेट घालायचं म्हणजे घालायचं.

गुलाबराव वानर भयंकर चिडले. का म्हणून काय विचारता? अरे, त्यांचा भांग! रोज सकाळी तेल लावून, आरशासमोर बसून पाडलेला भांग तो.

"डोकं माझं, फटफटी माझी. महाराजांचं काय जातंय?" ते गरजले.

त्यांची बायको हौसा म्हणाली, "अहो, त्या डोक्यात थोडी मीही आहे. पिल्लाचं नाव आहे, घरची वाट आहे. घाला ना!"

"बरोबर घेतो. मग तर झालं?"

आणि गुलाबरावांनी हेल्मेट कोपरात अडकवलं.

नाक्यावर रानडुक्कर हवालदार उभा असायचा. नाका आला की हेल्मेट डोक्यावर, नाका गेला की परत कोपरात. समोरून येणारेही भले होते. दिवा मिचकावून सांगायचे, "पुढे डुक्कर उभं आहे बरं का!" बघता बघता सगळं जंगल ही युक्ती शिकलं. महाराज खूश, हवालदार खूश, भांग तर काय विचारूच नका.

एके दिवशी गुलाबरावांनी नाका ओलांडला आणि हेल्मेट कोपरात सरकवलं. पुढे ओढ्याचं वळण. वळणावर खडी सांडलेली. चाक घसरलं आणि धाडकन आवाज झाला.

हौसा धापा टाकत दवाखान्यात आली. वैद्य अस्वल म्हणालं, "जीव वाचला, बाई. कोपराला तर साधा ओरखडा नाही."

"आणि डोकं?"

अस्वलाने पट्ट्यांत गुंडाळलेल्या डोक्याकडे बोट दाखवलं. टाके घालायला केस काढावे लागले होते, त्यामुळे भांगही गेला होता.

भेटायला शेजारी आले. सगळ्यांच्या कोपरांत हेल्मेटं. "नशीब थोर हो, हौसावहिनी," कोल्हा म्हणाला. "कोपर मोडलं असतं म्हणजे?"

हौसाला रडू आवरेना. तिने पिल्लाला पुढे केलं. गुलाबराव बराच वेळ बघत राहिले, मग अदबीने म्हणाले, "बाई, गोड आहे हो तुमचं पोर. नाव काय याचं?"

तिने सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

तात्पर्य : हेल्मेट जिथे घालाल, तो अवयव हमखास वाचतो. म्हणून बाळांनो, शरीराचा जो भाग तुम्ही सर्वांत जास्त वापरता, त्यावरच ते घाला. डोक्याचा आग्रह नाही.