भिण्यास मनाई आहे

भीती ही अडाण्यांची मिरास आहे. जाणत्याला भय वाटत नाही, त्याला छायाप्रकाश दिसतो. या पायावर जुन्या कृष्णधवल भयपटांचे आणि गुन्हेपटांचे रसग्रहण मंडळ उभे आहे. सभासद बेचाळीस. किंचाळू नये, दचकू नये आणि ‘पुढे काय होतं?’ असे विचारू नये, एवढेच नियम. (खोकण्यास मुभा आहे, खोकला विचारपूर्वक असावा.)

मंडळाचा ऑपरेटर छत्तीस वर्षे यंत्राच्या खोलीत बसला. भिंतीतल्या चौकोनी भोकातून त्याने उभा जन्म माणसांच्या माना पाहिल्या. पूर्वी पडद्यावर जिना करकरला की सगळ्या माना एकदम खांद्यांत शिरत. आया पोरांचे डोळे झाकत आणि आपण बोटांच्या फटीतून बघत. आता जिना करकरला की बेचाळीस पेनं करकरतात. या रविवारी दुपारचा खेळ झाला की यंत्र बंद, आणि तो घरी. जाण्याआधी एकदाच माणसं घाबरलेली पाहावीत, एवढीच त्याची आस होती.

म्हणून त्याने थोरल्या बहिणीला आणून मागे बसवले. नवव्या मिनिटाला ताई पडद्याला म्हणाली, “अगं, दार उघडू नकोस, तो मागेच उभाय.” विसाव्या मिनिटाला ती हुंदके देऊ लागली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली : ‘सदर बाई सिनेमा पाहत आहेत. कृपया आवरावे.’

ऑपरेटरने ताईला बाहेरच्या बाकावर नेले. “गेलं रे बिचारं,” ती म्हणाली. “आणि ही माणसं लिहून काय घेतायत? पंचनामा?”

मग चर्चा झाली. जिन्यात एकोणीस जणांना समाजरचना दिसली, अकरांना आई, दहांना पोकळी. (दोघांना जिना दिसला. त्यांची समजूत काढण्यात येत आहे.) शेवटी ऑपरेटरला शाल देऊन ‘दोन शब्द बोला’ म्हणाले.

“एकच विचारतो,” तो म्हणाला. “सिनेमात आज मेलं कोण?”

पेनं थांबली. अध्यक्षांचा हात गळ्याशी गेला. पहिल्या रांगेतल्या समीक्षकाला दरदरून घाम फुटला. कुणी वहीची पानं उलटी-सुलटी चाळली. कुणी शेजारणीचा हात धरला. मागून एक बारीक किंकाळी आली. बेचाळीस माना खांद्यांत शिरल्या, आणि ऑपरेटरचे डोळे भरून आले.

वाचकाला हसू आले असेल, तर दाद पोचली. मेलं कोण, हे ताईला ठाऊक आहे. ती बाहेर अजून डोळे पुसते आहे. इथवर येताना आपण तिला पाहिलेत, तिच्या बोलण्याला हसलातही. विचारले मात्र नाहीत.

(सभासद क्रमांक त्रेचाळीस. वही आपली आपण आणावी.)