सेलचा ताप

आमच्या शेजारचे वामनकाका बॅटरीचा सेल गालाला लावून पाहतात. डोळे मिटून, श्वास रोखून. फणफणलेल्या लेकराचे कपाळ पाहावे तसे. मग तो नाकाशी नेतात. "ताप न्हाई. वास न्हाई. पर याचा भरवसा न्हाई," असे म्हणून पुन्हा गालाला लावतात.

डोंगरकडा गावच्या शाळेत काकांनी आयुष्यभर कारकुनी केली आणि आयुष्यभर ते भीत आले. आभाळ गडगडले की ते पंखासुद्धा बंद करतात. कुकर चढला की अंगणात येऊन उभे राहतात. गावाला त्याची गंमत वाटे. मलाही वाटे, पौर्णिमा पडेपर्यंत.

पौर्णिमा ही त्यांची नात. आईवडील कामासाठी पुण्याला, ती आजोबांजवळ. जिन्यावरून पडून तिच्या उजव्या हाताची नस दुखावली. बोटे हळूहळू हलू लागली, पण तळव्याला काही कळेना. एकदा तिने उकळत्या चहाचा पेला धरला तो धरूनच राहिली. भाजल्याचे तिला लाल झालेली कातडी पाहून समजले. नांदेडच्या डॉक्टरांनी व्यायामासाठी डोळ्यांवर बांधायचा व्हीआर चष्मा सुचवला. त्यात आमराई दिसते. दोन्ही मुठींत एकेक कंट्रोलर धरून आंबे तोडायचे. प्रत्येक कंट्रोलरच्या दांड्यात एक सेल.

"म्हंजे आग लेकराच्या मुठीत," काका पुटपुटले, "आन् मुठीला पत्ताच न्हाई."

त्या दिवसापासून भीती आमच्या गल्लीत राहायला आली.

सेल घ्यायला वारंगा फाट्याला मीही सोबत गेले. काकांनी दुकानदाराला अख्खा खोका पालथा करायला लावला. वेष्टनावर ओरखडा दिसला, सेल बाद. टोक जरा फुगीर वाटले, बाद. एका चकचकीत सेलवर क्षमतेचा भलामोठा आकडा छापला होता. काकांनी तो तळहातावर तोलला. "फुलावानी हलका. एवढुशा पोटात एवढं मावंल कसं?"

"काका, सेल घेऊन राहिले का जावई पाहून राहिले?" दुकानदार वैतागला. "हे लिथियमवाले घ्या. जास्त टिकतात."

"भडकतात का?"

"सहसा न्हाई."

"सहसा!" काकांच्या कपाळावर घाम डवरला.

"अवो, एवढं काहून भेता?"

"जावई तापला तर बायकोला कळते, बाबा. हा तापला तर माझ्या पोरीला कळणार न्हाई."

दुकानदाराचा वैताग विरला. त्याने आतून निकेल-मेटल हायड्राइडचे, लिथियमपेक्षा शांत आणि पुन्हा चार्ज होणारे सेल आणले. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले, आणि त्यांच्यासाठीचाच चार्जर.

तेव्हापासून काकांच्या अंगणात, मोकळ्या फरशीवर, चार्जर, वाळूची बादली आणि खुर्चीत काका अशी मांडणी असते. चार्जिंग संपेपर्यंत ते जेवायलाही उठत नाहीत. सेल पुरता गार झाल्याशिवाय कंट्रोलरमध्ये जात नाही. खेळ रंगात आला की मध्येच "थांब!" म्हणून ते झाकण उघडतात, सेल गालाला लावतात. "आबा, माझा आंबा सुटला ना!" पौर्णिमा चिडते. आणि मी? माझा मोगरा उमलला तरी त्याच्या गंधाआधी मी हवेत जळका वास शोधते.

परवा दुपारी तो वास खरोखरच आला. गल्लीच्या तोंडाशी कुणी कचरा पेटवला होता. चार्जरमधून नुकतेच काढलेले सेल फरशीवर ठेवून काका तिकडे ओरडत धावले. पौर्णिमाला खेळायचा धीर निघेना. तिने सेल उचलला.

"आबा! हा गरम लागून राहिला!"

काका कसे परतले ते मी कुंपणापलीकडून पाहिले. एक चप्पल वाटेतच राहिली होती. त्यांनी सेल हिसकावून वाळूत फेकला, पोरीला मागे ओढले आणि बादलीकडे पाहत उभे राहिले. बादलीत काहीच झाले नाही.

मग ते एकाएकी पोरीकडे वळले.

"कोण्या हातात होता?"

"ह्या." तिने उजवा हात पुढे केला.

काकांनी वाळूतून सेल काढून गालाला लावला. कोमट होता, चार्जरमधून काढलेला असतो तेवढाच. ज्याच्यापासून तो तळवा त्यांनी इतके दिवस जपला, तोच सेल त्यांनी आपल्या हाताने त्यावर ठेवला.

"डोळे मीट. सांग."

"गरम."

त्यांनी अंगणातला एक खडा सावलीतून उचलून ठेवला. "आन् हा?"

"गार."

काकांनी तो इवलासा तळवा उचलला आणि सेलच्या जागी आपल्या गालाला लावला.

"आन् हे?"

पौर्णिमाने डोळे मिटलेलेच ठेवले. तिची बोटे त्यांच्या गालावरून सावकाश फिरली.

"ओलं हाय, आबा."